वाचक विचारतात: आगोटीचे दिवस आणि अर्धी कादंबरी

गेल्या अंकात मी लिहिलं होतं की वर्षातला बराचसा काळ मी दापोली तालुक्यातल्या घरी असते आणि मृग लागायच्या आत बिऱ्हाड उचलून वाईला जाते, ते दिवाळी झाल्यावरच परत येते. त्यावर इतकी पत्रं आणि मेल आले की संपादकांनी या वेळी सदराची सगळी जागा त्यालाच दिलीय. बऱ्याच जणांचे प्रश्न सारखे होते, ते एकत्र केलेत. नावं छापत नाहीये, गाव तेवढं देतेय.

ताई, मला नवऱ्याच्या बदलीमुळे दर दोन-तीन वर्षांनी घर हलवावं लागतं. हलायच्या आधीचा महिना नुसता आवरण्यात जातो, लिहिणं शून्य. तुमचं तर दरवर्षीचं आहे. त्या दिवसांत तुमचा आठवडा कसा असतो ते सविस्तर सांगाल का?
(सोलापूर)

सविस्तरच सांगते, कारण हा प्रश्न सगळ्यात जास्त जणींनी विचारलाय. आवरायला तारीख असते आणि लिहायला नसते, त्यामुळे दोन्ही एकदम समोर आलं की लिहिणंच मागे पडतं, हे कुणाचंही होणार. म्हणून मी लिहिण्यालाही तीच तारीख लावते.

अक्षय्य तृतीया झाली की एक दिवस घरातल्या कुठल्याही सामानाला हात न लावता फक्त कादंबरी घेऊन बसते. काय काय लिहायचं राहिलंय ते सगळे प्रसंग एका कागदावर उतरवून काढते आणि प्रत्येकापुढे एकच गोष्ट ठरवते, हे इथं असतानाच लिहायला हवं का दुसरीकडे जाऊनही लिहिता येईल. बास, एवढंच. पण त्यानं पुढचे सगळे आठवडे लागतात.

उदाहरण देते म्हणजे कळेल. सध्या जी लिहितेय ती बंदरावर मासे विकणाऱ्या एका बाईची गोष्ट आहे. हर्णै बंदर आम्हाला जवळ. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, त्यामुळे मे महिन्याचा शेवट म्हणजे तिकडे सगळ्या हिशेबांचा काळ, खलाशांचे पैसे चुकते होतात, बाहेरगावचे खलाशी घरी निघतात, त्यात पार नेपाळचे पण असतात, बोटी वर ओढून शाकारायच्या, जाळी धुऊन वाळवून दुरुस्तीला काढायची, आणि बायकांची सुकट-बोंबील वाळवून भरून ठेवायची घाई, कारण पुढचे दोन महिने त्यांच्या हातात ताजं काही येणार नसतं. माझ्या गोष्टीतली बाई नेमकी याच दिवसांत घर सोडायचं ठरवते. आता हे मी वाईला जाऊन आठवून आठवून लिहीन म्हटलं तर पानं भरतील, नाही असं नाही, पण त्यात लिलावाचा आवाज खोटा येईल, कोण कुणाच्या आधी बोलतं, बोली कुठं अडते, भाव पटला नाही तर बाई तोंडानं काही न बोलता काय करते, हे सगळं माझ्या सोयीनं यायला लागेल. म्हणून हे प्रसंग मेमध्येच, अर्धेकच्चे का होईना पण मेमध्येच. उलट तिचं आणि जावेचं भांडण, तिच्या नवऱ्याची जुनी गोष्ट, मुंबईचा भाग, हे सगळं वाईला जाणार. त्याला मी इथं हातसुद्धा लावत नाही, कितीही मोह झाला तरी.

एकदा ही वाटणी झाली की आठवडा आपोआप लागतो. सुरुवातीचे दिवस बंदराचे. ऊन कललं की जाऊन बसायचं, वही पिशवीतच ठेवायची, बायकांशी बोलायचं, मासळी घ्यायची, आणि घरी आल्यावर जेवायच्या आधी लिहून काढायचं. जेवल्यानंतर नाही. जेवलं की वाक्यं गुळगुळीत होतात असं माझं पक्कं मत आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच टाईप करते आणि टाईप करताना जिथं अडेल तिथं लाल खूण, म्हणजे परत गेलं की विचारायचं. मेमध्ये विचारायची सोय आहे हो. जूनमध्ये वाईवरून फोन लावून विचारलं की उधाणाच्या दिवशी पाटी घेऊन तुम्ही नक्की कुठं उभ्या राहता, तर समोरची बाई बिचारी काय सांगणार, तिला ते सांगायची सवयच नाही, ती फक्त उभी राहते.

मधले दिवस घराचे. आमच्याकडे पावसाआधीच्या या तयारीला आगोट म्हणतात आणि ती काही एकट्याची नसते, अख्खं गाव त्यात असतं. लाकडं भरायची, पडवीला झापं नाहीतर ताडपत्री बांधायची, पन्हळी साफ करायच्या, आमसुलं, कुळथाचं पीठ, तिखट, पापड, फणसाची साटं हे सगळं उन्हं आहेत तोवर. यातलं निम्मं माझ्याबरोबर वाईला जातं आणि निम्मं शेजारच्या काकींकडे राहतं, कारण माझ्या घराची किल्ली त्यांच्याकडे असते आणि पावसात कुठं गळतंय ते त्याच बघतात. शाकारणीवाल्यांचं मात्र लक्षात ठेवा, कौलं उतरवून परत बसवणारी माणसं मेमध्ये मिळत नाहीत, त्यांना चैत्रातच सांगून ठेवायला लागतं, माकडांनी कौलं फोडलेली असतात ती वेगळीच, आणि ते ज्या दिवशी येतील तो दिवस तुमचा नाही. डोक्यावर ठकठक चालू असताना नवं लिहायला बसूच नये. त्या दिवशी मी प्रुफं बघते, पानांचे नंबर लावते, जुन्या मेलना उत्तरं देते, म्हणजे ज्याला डोकं लागतं पण मन लागत नाही असली कामं.

शनिवारी दापोलीला जाऊन बँक, पोस्ट, प्रिंटआऊट. पोस्टात पत्ता बदलल्याचा अर्ज दिला की तुमचं टपाल नव्या पत्त्यावर पाठवतात, हे बऱ्याच जणांना माहीतच नाहीये.

रविवारी काही नाही. खरंच काही नाही. पाहुणे आले तर आले.

तुमचं घर बदलीचं आहे, म्हणजे परत त्या गावी येणं नाही, त्यामुळे तुम्ही तर ही वाटणी जास्तच कडक करा. ज्या गावातून निघताय तिथलं जे जे तुमच्या लिखाणात आहे ते आधी. भांडी पॅक करायला माणसं मिळतात.

कोकणातला पाऊस म्हणजे लेखकाला स्वर्ग! खिडकीत बसायचं आणि लिहायचं. तुम्ही नेमक्या तेव्हाच पळ काढता, असं का?
(नागपूर)

तुमचं पत्र वाचून बरं वाटलं, कारण पाऊस मलाही प्रिय आहे आणि पहिल्या पावसाचे एकदोन दिवस मिळावेत म्हणून मी निघायची तारीख जरा ताणतेच. पण चार महिने ही वेगळी गोष्ट आहे. दापोलीला वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, महाबळेश्वरला त्याहून कितीतरी जास्त, आणि सह्याद्री ओलांडून पसरणीचा घाट उतरलं की वाईत तो हजाराच्याही आत येतो. अंतर म्हणाल तर एका दिवसात आरामात जाऊन पोचतो आपण, पण हवा पूर्ण निराळी.

जुलैत आमच्या घरात हवेतली ओल नव्वद टक्क्यांच्या आसपास असते, आणि कागदावर बुरशी धरायला पासष्टसुद्धा पुष्कळ झाली. कपडे वाळत नाहीत, वही दमट होते, पेन सरकत नाही. वीज जाते, मग नेट जातं, मग मोबाईलचा टॉवर. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगड भागात कितीतरी वाड्यांवर आठवडेच्या आठवडे वीज नव्हती, नारळ-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, लोकांच्या डोक्यावर कौलं राहिली नाहीत. ज्यांची शेती तिथं आहे, गुरं आहेत, ते तिथंच राहून हे सगळं सोसतात आणि भात लावतात. मी आयती खिडकीत बसून त्यांच्या मदतीवर चार महिने काढणं मला बरोबर वाटत नाही. पावसात गावाला कामाचा माणूस लागतो, आणि मला लावणी येत असली तरी कंबर आता साथ देत नाही.

आणि दुसरं कारण लिखाणाचंच आहे. वाईत मराठी विश्वकोशाचं कार्यालय आहे, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे पहिले अध्यक्ष, प्राज्ञपाठशाळाही तिथलीच, त्यामुळे ज्याला विचारावं असं माणूस आणि जे उघडून बघावं असं पुस्तक त्या गावात मिळतं. कोकणात मी गोळा करते, वाईत तपासते. हे दोन्ही एका गावात मला कधी जमलेलं नाही.

मॅडम, माझ्याकडे आजोबांच्या हस्तलिखित वह्या आहेत आणि माझ्याही कवितांच्या वह्या आहेत. आमचं घर जुनं आहे, भिंतींना ओल येते. तुम्ही तुमच्या वह्या बंद घरात कशा ठेवता? प्लास्टिकमध्ये ठेवल्या तर चालतील का?
(रत्नागिरी)

प्लास्टिकमध्ये ठेव पण आधी वाळवून. लोक नेमकं हेच विसरतात. दमट वही प्लास्टिकच्या पिशवीत कोंडली तर ओल आतच राहते आणि बुरशी जास्त जोरात येते, त्यापेक्षा उघडी ठेवलेली बरी. मे महिन्यात कोरडी हवा असेल तेव्हा वह्या सावलीत वाऱ्यावर उभ्या करून पानं मोकळी करायची, थेट उन्हात नाही, उन्हानं शाई उडते आणि जुना कागद कडक होऊन तुटतो. मग मऊ ब्रशनं धूळ झाडायची. मग सुती कापडात बांधून त्यात वेखंडाचा तुकडा नाहीतर सुकवलेला कडुनिंबाचा पाला, त्यानं कसर जरा लांब राहते. मग झिपलॉकची पिशवी, आत सिलिका जेलची पुडी, आणि मग पत्र्याची पेटी. डांबराच्या गोळ्या घालायच्याच असतील तर कागदाला लागू देऊ नको. पेटी जमिनीवर नाही ठेवायची, विटांवर नाहीतर फळीवर, आणि भिंतीपासून हातभर पुढे, कारण जांभ्याची भिंत पावसाळाभर पाणी पीत असते. कपाटंसुद्धा मी निघायच्या आधी भिंतीपासून सरकवते. खोली तळमजल्यावर असेल आणि पाणी शिरायची भीती असेल तर मात्र वह्या वर हलवायच्याच, नाहीतर दुसऱ्याच्या घरी.

पाण्याचं मी उगाच सांगत नाहीये. चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ पासूनचं वाचनालय आहे. २००५ च्या पुरात त्यांची पुस्तकं भिजली, लोकांनी परत उभं केलं, आणि २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी परत आत आलं. एवढी जुनी संस्था, एवढी जपणारी माणसं, तरी असं होतं. म्हणून मूळ वही कितीही जपली तरी तिचे फोटो पाहिजेतच. मोबाईलनं दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता, पान सपाट ठेवून, एकेक पान. प्रत्येक फोटोला वहीचं नाव आणि पान नंबर. एक प्रत तुझ्याकडे, एक हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्या गावातल्या माणसाकडे. आजोबांच्या वह्यांपासून सुरुवात कर, तुझ्या कविता तुला निदान आठवतात तरी.

आणि यापुढे लिहिताना शाईपेन नको, बऱ्याच जेल पेनांची शाईपण ओलीनं फुटते. साधं बॉलपेन नाहीतर पेन्सिल. पेन्सिल दिसायला साधी, पण पाण्यात सगळ्यात जास्त तीच टिकते.

कॉम्प्युटरवर जुन्या फॉन्टमधल्या फाईली असतील तर त्या पण याच महिन्यात युनिकोडमध्ये करून घे. तो फॉन्ट ज्या मशीनवर आहे ते बंद पडलं की आपलंच लिखाण आपल्याला वाचता येत नाही, नुसती चौकटी-चिन्हं दिसतात.

मी सहा महिने मुलाकडे न्यू जर्सीला आणि सहा महिने ठाण्याला असते. ठाण्यात सुरू केलेली कादंबरी तिकडे गेले की थंड पडते. पात्रं बोलेनाशीच होतात. परत आले की पहिल्यापासून. असं किती वर्षं चालणार?
(सध्या ठाणे)

तुमचं पत्र मी बाजूला काढून ठेवलं होतं, कारण फिरत्या माणसाला कादंबरी लिहायची तर हीच खरी अडचण आहे, बाकी सामानबिमान सगळं जमतं.

बहुतेक जणी काय करतात की निघायच्या आधी प्रकरण पुरं करायचं म्हणून जीव काढतात. प्रकरण पुरं झालं, फाईल बंद, विमानात बसलो. मग तिकडे गेल्यावर समोर कोरं पान, नवं घर, नातवंडं, थंडी, आणि पुढचं प्रकरण शून्यातून. तिथं ते थंड पडणारच. त्यापेक्षा विरजणाला वाटीभर दही राखून ठेवतो ना, तसं एक प्रसंग मुद्दाम न लिहिता राखून ठेवा, पण तो असा निवडा की ज्याला ठाणं लागत नाही. बंद खोलीतला, दोन माणसांमधला, बोलण्याचा. तुम्हाला त्यातलं पहिलं वाक्य माहीत पाहिजे. तिकडे पोचलं की तो पहिला.

दुसरं, निघायच्या आठवड्यात मी स्वतःलाच एक पत्र लिहिते. पसारा नाही, पानभरच. कोण कुठं आहे, कोण कुणावर चिडलंय, कुणाला काय माहीत नाहीये, ऋतू कुठला, घरात पैसे किती उरलेत, आणि या पात्रांपैकी सध्या मला कोण आवडत नाहीये. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे, कारण गाव बदललं की आपला राग उतरतो आणि ते पात्र उगाच गोड व्हायला लागतं. कथानक लिहायचं नाही त्या पत्रात, ते आपल्याला आठवतं, मनातलं तेवढं विसरतं.

तिसरं म्हणजे आवाज. ठाण्यातल्या तुमच्या गल्लीचा सकाळचा, बाजाराचा, जिन्यातला, स्टेशनचा, मोबाईलवर चार-पाच मिनिटं रेकॉर्ड करून न्या. फोटो नका नेऊ फार. फोटो बघितला की आपण त्याचं वर्णन करायला लागतो. आवाज ऐकला की पात्रं बोलतात, निदान माझी तरी बोलतात.

तिकडे गेल्यावर पहिला आठवडा नवं काही लिहू नका. आधीची पानं मोठ्यानं वाचा, घरात कुणी असलं तरी वाचा, मराठी कानावर पडू दे, नातवंडांच्या पण पडू दे. लांबून वाचताना जे खटकतं ते बहुतेक वेळा खरंच चुकलेलं असतं, म्हणून तुमचे न्यू जर्सीचे सहा महिने दुरुस्तीला आणि घरातल्या प्रसंगांना द्या, आणि ठाण्याचे सहा महिने ज्याला ठाणं लागतं त्याला. सहा महिने फुकट जातात असं तुम्ही दोनदा लिहिलंय पत्रात. ते फुकट जात नाहीत, त्यांच्यावर चुकीचं काम टाकलंय एवढंच.

दिवाळी अंकांसाठी तुम्ही कधी लिहिता? मे-जूनमध्ये तर तुम्ही हलत असता.
(पुणे)

फोन मेमध्येच यायला लागतात आणि बऱ्याच संपादकांना कथा जुलै-ऑगस्टपर्यंत हवी असते. मी मेमध्ये फक्त हो किंवा नाही सांगते, तेही फार थोड्यांना हो. लिहिते वाईला जाऊन, खोली लागली की. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी मनोरंजन मासिकाचा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी लेखकाचा पावसाळा दिवाळीसाठी लिहिण्यात जातोय, आणि मला ती परंपरा मनापासून आवडते, पण कादंबरी मधोमध असताना चार-चार कथा कबूल करणं म्हणजे कादंबरीवर अन्याय आहे. नवीन लिहिणाऱ्यांना सांगेन की एकच द्या आणि चांगली द्या.

दोन घरं, दोनदा सामान, गाडीभाडं. कादंबरीच्या पैशावर हे परवडतं का? स्पष्ट सांगा.
(कोल्हापूर)

स्पष्ट सांगते, नाही परवडत. नुसत्या मराठी कादंबरीच्या रॉयल्टीवर दोन घरं चालत नाहीत. दापोलीचं घर वडिलोपार्जित आहे त्यामुळे भाडं नाही. वाईला मधल्या आळीत जुन्या वाड्यातल्या दोन खोल्या आहेत, त्यांचं भाडं मी भाषांतराच्या आणि प्रुफांच्या कामातून काढते, ते काम वर्षभर चालू असतं आणि ते कुठूनही होतं. सामान दोनदा जात नाही, भांडी-अंथरुणं दोन्हीकडे आहेत, जुनीच. बरोबर जातात ती पुस्तकं, वह्या, लॅपटॉप, औषधं आणि आगोटीचं खाणं. नोकरी सोडून असं राहायचं मनात असेल तर आधी दुसरं बारीक पण नियमित उत्पन्न लावून घ्या, मगच घराचं बघा.

तुम्ही निघता कधी आणि कुठल्या घाटानं? आम्हालाही जूनमध्ये गोव्याहून वर साताऱ्याकडे यायचं असतं.
(फोंडा)

तळकोकणात मान्सून साधारण जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो, मुंबईची सरासरी तारीख ११ जून. मी मेच्या अखेरीस किंवा फार तर जूनच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत निघते. दापोली, खेड, कशेडी, पोलादपूर, मग आंबेनळी घाट चढून महाबळेश्वर आणि पसरणी उतरून वाई. कोरड्या दिवसात फार सुंदर रस्ता आहे. पाऊस लागल्यावर मात्र मी आंबेनळीचं नाव काढत नाही, २२-२३ जुलै २०२१ ला महाबळेश्वरला एका दिवसात सहाशे मिलिमीटरच्या जवळपास पाऊस झाला तेव्हा हा घाट जागोजागी खचला होता. भोरकडे जाणारा वरंधाही पावसाळ्यात बऱ्याचदा बंद ठेवतात. उशीर झालाच तर चिपळूणवरून कुंभार्लीनं कराडला चढते, लांब पडलं तरी चालेल. तुम्ही गोव्याहून येताय तर निघायच्या दिवशी सकाळी घाट चालू आहे का ते विचारून निघा, आणि रेल्वेनं यायचं असेल तर कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक जूनपासून लागतं, गाड्या हळू चालतात, त्यामुळे पुढची गाडी पकडायची असेल तर मध्ये भरपूर वेळ ठेवा. हस्तलिखिताची एक प्रत सामानात आणि एक अंगावरच्या पिशवीत, दोन्ही एका बॅगेत कधीच नाही.

ताई, मी माण तालुक्यातली, सध्या साताऱ्यात हॉस्टेलला आहे. आमचा धनगरांचा वाडा, म्हणजे मेंढरांबरोबर फिरणारी आमची बिऱ्हाडं, अजून कोकणात जातो. आजी-आजोबा आणि चुलते मेंढरं घेऊन दिवाळीनंतर उतरतात ते आता मेमध्ये परत येतायत. तुम्ही पण त्याच दिवसांत कोकणातून वर येता हे वाचून नवल वाटलं. तुम्ही आमच्यावर कादंबरी का लिहीत नाही? मला लिहावंसं वाटतं पण माझं मराठी पुस्तकातल्यासारखं नाहीये. आजी बोलते तसं लिहिलं तर चालेल का?

बाळा, तुझं पत्र मी कितीतरी वेळा वाचलं.

तुमच्या लोकांना मी दरवर्षी बघते. भात कापून झालं की खाचरं मोकळी असतात, तेव्हा तुमचे वाडे घाट उतरून खाली येतात, रात्री मेंढरं शेतात बसवतात, शेताला खत मिळतं आणि त्याबदली शेतकरी भात देतो नाहीतर पैसे देतो. आणि आता पाऊस यायच्या आत वर निघायचं, कारण कोकणातली ओल मेंढरांना सोसत नाही, खुरं सडतात. वर माणदेशात पहिल्या पावसाचं गवत येतं तोवर तिथं पोचायचं. माझ्यासारखी एकटी बाई गाडीत बसून निघते त्यात काही विशेष नाही, पण अख्खं घर घोड्यावर लादून, कोंबड्या, कुत्री, लहान लेकरं, नुकती जन्मलेली कोकरं घेऊन पायी घाट चढायचा आणि रोज नवीन जागी चूल मांडायची, यातलं शहाणपण फार मोठं आहे. काय बरोबर घ्यायचं आणि काय नाही हे तुझ्या आजीइतकं कुणालाच माहीत नसणार.

मी का लिहीत नाही, तर मी रस्त्याच्या कडेला उभी राहून बघितलंय, चालले नाहीये. बंदरावर मी वर्षानुवर्षं बसलेय म्हणून ती गोष्ट लिहायचं धाडस करतेय. तुमच्या वाड्यात मला रात्री मेंढरं का बुजली ते कळत नाही, तुला कळतं. ती कादंबरी तुझी आहे.

आजी बोलते तसंच लिही. माणदेशी बोलीत लिहिलेलं मराठी वाचकानं याआधीही डोक्यावर घेतलंय, आणि न घेतलं तरी तसंच लिही. पुस्तकी भाषेत घालायला गेलीस तर आजी त्यात मावणार नाही. निवेदनसुद्धा बोलीत ठेवायचं का फक्त संवाद, हे आत्ता ठरवू नको, पन्नासेक पानं झाली की लिखाणच सांगेल.

आता या आठवड्यात करण्यासारखं सांगते, कारण वाडा वाटेवर आहे आणि तो घरी पोचला की ही माहिती पांगेल. सुट्टी असेल तर दोन दिवस वाटेत जाऊन त्यांच्याबरोबर चाल. नसेल तर रोज रात्री फोन कर आणि आजीला एवढंच विचार की आज कुठं उतरलात, पाणी कुठनं आणलं, कुणी जागा दिली आणि कुणी हाकललं, घोड्यावर सगळ्यात खाली काय बांधलं आणि सगळ्यात वर काय. पुढे कोण चालतं, मागे कोण राहतं. कुठलं कोकरू कुणी उचलून घेतलंय. आजोबांकडून ओव्या येत असतील तर बिरोबाच्या ओव्या रेकॉर्ड कर, मध्ये थांबवू नको, अर्थ नंतर विचार. गुंथर सोन्थायमर नावाचे एक जर्मन अभ्यासक होते, १९९२ साली वारले, त्यांनी धनगरांच्या ओव्या आणि दैवतं समजून घेण्यात सगळं आयुष्य घातलं, परदेशातून येऊन. तुला तर फोन लावला की आजोबा आहेत.

जे सांगतील ते त्याच दिवशी लिही, त्यांच्याच शब्दांत, शुद्धलेखन बघू नको. कुणाच्या घरचं भांडण, कुणाचं कर्ज, असलं काही आलं तर ते वहीत ठेव पण छापायच्या आधी त्यांना वाचून दाखव. आजीला वाचता येत नसेल तर मोठ्यानं वाच. ती जिथं म्हणेल की असं नव्हतं गं, तिथं तारीख घालून तिचं म्हणणं लिहून ठेव.

मी जूनपासून वाईत आहे, साताऱ्याहून एसटीनं तासाभराचा रस्ता. पहिली वीस पानं झाली की माझ्या नावानं संपादकांच्या पत्त्यावर पाठव, हातानं लिहिलेली चालतील, ते मला पोचवतील. वाचून मी सविस्तर लिहीन, आणि यायचं असेल तर आजीला घेऊन ये.